पूजेतले चाकू आणि व्याह्यांची नाडी

माझ्या पर्समध्ये चाकू असतो.

लिपस्टिक नसते, कंगवा कधी असतो कधी नसतो, पण चाकू असतो. घडीचा, तळहातात मावणारा. इथे परदेशात, एटोबिकोतल्या आमच्या मराठी गोतावळ्यात कुणाकडेही पार्टी असो, केकच्या खोक्याची दोरी सुटेना किंवा नव्या ब्लाउजचं लेबल कुणाला टोचायला लागलं, की हाक येते, "शुभाताई, चाकू!" मी पर्स उघडते, खटका दाबते, काम करते, पातं पुसून मिटते. माझा नवरा श्रीकांत त्या वेळी भिंतीवरचं चित्र बघत असतो. (तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. आयुष्यात त्याने बजेट सोडून दुसरं काही कापलेलं नाही.)

कुणाला साड्यांचा सोस असतो, कुणाला डब्यांचा. मला घडीच्या चाकूंचा आहे. माझ्याकडे एक फ्रेंच शेतकरी वापरतात तसला लाकडी मुठीचा चाकू आहे. त्याच्या गळ्यात एक कडी आहे. ती फिरवली की पातं जागेवर पक्कं, बोटावर मिटायची भीती नाही. इतकी साधी युक्ती की ज्याला सुचली त्याच्या पाया पडावं! एक जपानी आहे, त्याला स्प्रिंगच नाही. पात्याला एक शेपूट आहे, त्यावर अंगठा दाबून धरला की झालं. एक लाल स्विस आहे, त्याच्या पोटात चिमट्यापासून दात कोरायच्या काडीपर्यंत सगळा संसार. आणि सगळ्यांत वडीलधारा चाकू माझ्या बाबांचा. रत्नागिरीजवळ आमची आंब्याच्या कलमांची नर्सरी होती. त्या चाकूने बाबा काडीला असा तिरका छेद द्यायचे, की दोन झाडं जुळल्यावर जोड कुठे आहे ते सांगता यायचं नाही. साधं पोलाद, वापरून वापरून निळसर काळं पडलेलं. पण आजही त्याने टोमॅटो कापला तर टोमॅटोला उशिरा कळतं.

तर, गेल्या वर्षीची खंडेनवमी. त्याच दिवशी आमचे होऊ घातलेले व्याही जेवायला यायचे होते.

आमची सई आणि तिचा एतियेन वॉटर्लू विद्यापीठात एकत्र शिकले. लग्न करायचं म्हणत होते. एतियेनला आई नाही, बाबांनीच वाढवलेला. ते बाबा, म्हणजे रेमाँ, फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातल्या ब्रॉसार्डहून खास आम्हाला बघायला गाडी चालवत येणार होते. सईने आठवडाभर आधीपासून माझ्या कानाशी भुणभुण लावली होती.

"आई, प्लीज. जस्ट बी नॉर्मल. वन डे."

"म्हणजे काय करू?"

"नो नाइव्ह्ज!"

"अगं, खंडेनवमी आहे! शस्त्रांची पूजा नको करू?"

"एतियेनचे बाबा खूप क्वाएट आहेत. त्यांना वाटेल आपण गँग आहोत."

मी तिला वचन दिलं की मी नॉर्मल राहीन. आणि मग नॉर्मल माणसं करतात ते सगळं केलं. फॅमिली रूममध्ये टेबलावर लाल कापड अंथरून सगळे चाकू उघडून मांडले. शेजारी विळी, अडकित्ता, सुऱ्या, कात्र्या. श्रीकांतचा स्क्रूड्रायव्हर. धार असलेली एकही गोष्ट घरात मागे राहू नये म्हणून मी बाथरूमच्या कपाटातला नेलकटरसुद्धा आणून ठेवला. (मी कामाला लागले की अर्धवट करत नाही. तो माझा दोष नाही, स्वभाव आहे.) पर्समधला चाकूही ठेवला. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्या सोफ्यावरून एवढंच म्हणाल्या, "पूजेतलं हत्यार आज उचलायचं नसतं हो, शुभा."

"माहितेय आई. भाज्या कालच चिरून ठेवल्यात. कोथिंबीरसुद्धा!"

पाहुण्यांसाठी मी आणखी एक व्यवस्था केली होती. रेमाँना झब्बा-लेंगा आगाऊ पाठवला होता. दुकानातल्या लेंग्याला सॅटिनची गुळगुळीत नाडी होती. असली नाडी ऐन वेळी सुटते हे मी चार लग्नांत पाहिलंय. म्हणून ती उपसून मी जाड, पिळाची, सुती नाडी ओवली. वर सईकडून निरोप दिला, "घट्ट बांधा म्हणावं. दोनदा!"

रेमाँ आले. उंच, पोट सुटलेले, पांढऱ्या मिशांचे, अबोल. झब्बा त्यांना इतका शोभत होता की श्रीकांत स्वतःचा झब्बा ओढून सरळ करायला लागला. मी त्यांना टेबलापाशी नेलं. चाकूंच्या पात्यांवर हळद-कुंकू, झेंडू, समोर समई. लाल बोटं उमटलेली ती पाती बघून एतियेन एक पाऊल मागे सरला. सईने डोळे मिटून घेतले.

मी मात्र रंगात आले. म्हटलं, आपली हत्यारं वर्षभर आपल्यासाठी राबतात. वर्षातून एक दिवस त्यांना सुट्टी. "टुडे, मिस्यू रेमाँ, या घरात एकही पातं उचललं जाणार नाही. व्हॉटएव्हर हॅपन्स!" (हे 'व्हॉटएव्हर हॅपन्स' मी हात उंचावून म्हटलं. त्याची काही गरज नव्हती.)

रेमाँनी टेबलाभोवती एक फेरी मारली. सई मला डोळ्यांनी खात होती. मग त्यांनी झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि एक चाकू काढला. सांबरशिंगाची मूठ, पितळेचे खिळे, पातं धार लावून लावून अर्धं उरलेलं. त्यांच्या आजोबांचा. मासे साफ करायला.

"मादाम," ते म्हणाले, "यालासुद्धा सुट्टी मिळेल?"

मी दोन्ही हात पुढे केले. मी तो चाकू हातात घेतला. काय तोल होता! उघडताना आणि मिटताना असा ठाम 'टक्' आवाज, की बँकेच्या लॉकरने शिकावं. मी त्याला हळद-कुंकू लावलं आणि बाबांच्या कलमाच्या चाकूशेजारी ठेवला. रेमाँनी बाबांचा चाकू वाकून बघितला, हात न लावता. मी मनातल्या मनात लग्न ठरवून टाकलं.

मग जेवण. रेमाँनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली ती सोडलीच नाही. वर मसालेदूध, ताक आणि दोन कप चहा. मग ते सौजन्याने उठले आणि खालच्या वॉशरूममध्ये गेले.

गेले ते गेलेच.

बऱ्याच वेळाने आतून क्षीण आवाजात फ्रेंच ऐकू आलं. एतियेन दाराशी गेला, ऐकून आला आणि सईच्या कानात कुजबुजला. सई माझ्याकडे वळली.

"आई. द नॉट. गाठ सुटत नाहीये."

"निरगाठ बसली असेल. ओढ म्हणावं उलटीकडून."

"आई, ही इज अ फिशरमन! त्यांनी कुठलीतरी फिशिंग नॉट मारलीये! तू दोनदा सांगितलंस म्हणून दोनदा!"

मासेमारीची गाठ. माझ्या सुती नाडीवर. त्यात मधल्या पुरणपोळ्यांनी पोटाचा घेर वाढलेला. गाठ पोटाखाली, त्यांना दिसेना. बरं, बिचाऱ्यांनी ती सैल व्हावी म्हणून पाणी लावलं होतं. सुती नाडी भिजली की काय होते हे रत्नागिरीतल्या कुठल्याही माणसाला विचारा. दगड होते!

श्रीकांत आत गेला, बाहेर आला. "हलत नाही ती. मी दाताने बघू का?"

"श्रीकांत! व्याही आहेत ते आपले!"

"मग काटा दे." काटा दिला. काट्याचे दोन दात वाकले. नाडी तशीच.

"अगं, तिथे चाकूंचा ढीग पडलाय," श्रीकांत कळवळून म्हणाला. "एक उचल ना!"

माझा हात उठलाही होता. तेवढ्यात दारामागून आवाज आला, "नॉन, मादाम! टुडे इज देअर हॉलिडे! व्हॉटएव्हर हॅपन्स!"

काय माणूस! त्या अवस्थेतही शब्दाचा पक्का! मला त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही यायला लागलं. सई माझ्या कानाशी म्हणाली, "आई, डू समथिंग. नाहीतर ते परत कधी येणार नाहीत." आतून पाय आपटल्याचा आवाज आला. ती फ्रेंचमधली विनंती नव्हती, असली विनंती सगळ्या भाषांत सारखीच असते.

मी पैठणी खोचली आणि धावत सुटले. नाकात नथ, कपाळावर हळदीचे डाग, पायात श्रीकांतचे विंटर बूट. (तेच दाराशी होते.) समोरची डोरीन पोर्चवर हॅलोवीनचे भोपळे कोरत बसली होती. सत्तरीची बाई, घाबरणारी नव्हे. तरी मला बघून तिने भोपळा छातीशी धरला.

"डोरीन! नाइफ! अर्जंट! माझ्या वॉशरूममध्ये एक माणूस आहे!"

डोरीन शांतपणे म्हणाली, "हनी, पोलीस बोलवू की आधी चहा घेतेस?"

"नो पोलीस! ही इज फॅमिली!"

"ओह," डोरीन म्हणाली, आणि हातातलं हत्यार पुढे केलं. "फॅमिली असेल तर हे घे."

ते हत्यार म्हणजे भोपळा कोरायची करवत. नारिंगी प्लास्टिकची मूठ, पातं बोटभर, पत्र्याचं, वाकडे दात. दुकानात काउंटरशेजारी टोपलीत असतात तसली. असल्या चाकूंकडे मी जन्मात ढुंकून बघितलं नव्हतं. बघणाऱ्यांकडेही नाही.

आता कापणार कोण? श्रीकांतचा हात फक्त बजेट कापणारा. तसल्या हाताने तसल्या जागी मी त्याला करवत देणार नव्हते. एतियेन म्हणाला, त्याला रक्त बघून चक्कर येते. शेवटी एका बाजूने श्रीकांत, दुसऱ्या बाजूने एतियेन, असा मोठा टॉवेल मध्ये धरला गेला. पलीकडे रेमाँ, अलीकडे मी. लग्नाआधीच व्याही-विहिणीत अंतरपाट! रेमाँनी टॉवेलखालून गाठ पुढे ओढून धरली, मी मान छताकडे केली आणि अंदाजाने करवत चालवायला घेतली. खर्र, खर्र, खर्र.

"मादाम," रेमाँ हळूच म्हणाले, "थोडं डावीकडे, सिल व्हू प्ले, प्लीज. माझं डावं नाही. तुमचं."

तट्! नाडी तुटली. आम्ही तिघं टॉवेलासकट बाहेर पळालो.

रेमाँ बाहेर आले ते झब्ब्यावरून श्रीकांतचा पट्टा आवळून, थेट मावळ्यासारखे. चेहरा लाल. श्रीकांत लगेच भिंतीवरच्या चित्राकडे वळला. सईने एतियेनचा हात घट्ट धरला होता. मग रेमाँच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग ते असे हसले की समईची ज्योत हलली. "सई," ते डोळे पुसत म्हणाले, "तुझी आई मला नाडीसुद्धा पक्की देते आणि सोडवायलाही स्वतः येते. अशा घरात मुलगा द्यायला मला काळजी नाही."

एवढा वेळ सोफ्यावर मालिका बघणाऱ्या सासूबाईंनी आवाज कमी केला. "काय गं झालं मघापासून?"

मी सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बुटांपाशी थोडं थांबून.

"अगं, मग एक चाकू उचलायचास! माणूस अडल्यावर देवी काय नाही म्हणते का? नमस्कार करायचा, उचलायचा, परत ठेवायचा. मला विचारायचंस तरी!"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा झाली. रेमाँनी आपला चाकू परत घेतला, पण कुंकू पुसू दिलं नाही. लग्न उन्हाळ्यात झालं. आहेराच्या लेंग्याला मी इलॅस्टिक घातलं. डोरीनने करवत परत घेतली नाही. म्हणाली, तुझ्या घरी लागेल. ती आता पूजेत बाबांच्या चाकूच्या बाजूला बसते, आणि खरं सांगते, तिचे वाकडे दात मला हल्ली देखणे वाटायला लागलेत.

अजूनही पार्टीत कुणी नवखं माझा संग्रह बघून कौतुकाने विचारतं, "यातला सगळ्यात कामाचा चाकू कोणता हो?" मी कडीची युक्ती, जपानी शेपूट, कलमाचा छेद असं सांगायला तोंड उघडते. पण भिंतीवरच्या चित्रावरून नजर न हलवता श्रीकांत आधीच सांगून मोकळा होतो:

"शेजारणीचा."