साडेदहा जागा

आमच्या केजच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर क्लबकडे सहा मशीन आहेत, त्यातली चार सुरू होतात. बाकीचे मेंबर नंबर यायची वाट बघत गप्पा हाणतात. मग किस्से साठणार नाहीत तर काय होईल? त्यात क्लबच्या वेबसाईटवर आम्ही नोकरीच्या जाहिरातींचं पान काढलं, आणि पुढचं विचारूच नका.

*

पानाची कल्पना सुनीताची. ती घाटनांदूरकडची, आमची सेक्रेटरी. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. यंदा आईची कंबर धरली, म्हणून वडिलांच्या जोडीला सुनीतानं जावं असं घरात ठरलं होतं. इथं नोकरी लागली तरच तिची सुटका.

आमचे जोगदंड सर मात्र पानाच्या विरोधात. "क्लब शिकायसाठी हाय. रोजगार कार्यालय उघडू नका," असं ते दर मीटिंगला सांगायचे. मीटिंग संपली की हळूच विचारायचे, "आमच्या भाच्यासाठी काही आलंय का रे?"

*

पहिली जाहिरात बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या काकांची. मजकूर मी लिहिला, आणि माझी अक्कल बघा: 'बसस्टँडजवळ एक जागा रिकामी आहे. त्वरित संपर्क साधा.'

काकांना फोनवर फोन. एकानं विचारलं, "किती गुंठे हाय?" दुसऱ्याला रस्त्याला लागून, 'रोड टच' पाहिजे होती. तिसऱ्यानं बोअरला पाणी लागतं का ते विचारलं.

काका तणतणत लॅबमध्ये आले. "शिकवायला माणूस पाहिजे, एवढं लिहायला तुझी बोटं झिजली असती का?"

नोकरीसाठी म्हणून एकच फोन आला होता, सुनीताचा. काका तिला म्हणाले, "बघून सांगतो." त्या दिवसापासून ती फोन हातातच धरून बसायची.

*

मग एक 'घरबसल्या टायपिंग'ची जाहिरात आली. अर्जासोबत आधी आधार नंबर पाठवा म्हणे. आमच्यातला पोपट दिंद्रुडचा, घरी म्हशी. त्याला शंका आली. त्यानं म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर पाठवला आणि नावही तिचंच टाकलं, चंद्री.

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर: 'अभिनंदन चंद्रीजी, आपली निवड झाली आहे!'

सगळी लॅब हसून लोळली. सर हसले नाहीत. "आज म्हशीला नोकरी लावली. उद्या एखादी पोरगी फसली तर कोण निस्तरणार?"

सरांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तेव्हापासून मालकाशी फोनवर बोलल्याशिवाय जाहिरात टाकायची नाही असा नियम केला. पोपटाचं दुःख निराळंच. "आमच्या खानदानात पहिली नोकरी म्हशीला लागली बे."

*

अर्जाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'अनुभव'. फर्स्ट इयरच्या एका पोरानं तिथं लिहिलं, 'लई चांगला'.

सरांनी त्याला बोलावलं. "कशाचा रे?"

"कॉलेजचा, सर."

*

शेवटी पान ठेवायचं की बंद करायचं, यावर सरांनी मीटिंग लावली. सर बोलत असतानाच सुनीताचा फोन थरथरला. ती व्हरांड्यात गेली, परत येऊन मशीनपुढं बसली. इतक्या दिवसांनी फोन हातातून बाजूला ठेवला.

तेवढ्यात दारात एक मुकादम उभे. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे, सुनीताच्याच गावचे. तिचे वडीलही त्यांच्याच टोळीत.

"तुमी इंटरनेटवर माणसं मिळवून देता म्हणं. मला धा कोयते पाहिजेत."

कोयता म्हणजे तोडणीची जोडी, बहुतेक नवरा-बायको. एकटं माणूस असलं तर तो अर्धा कोयता.

सर म्हणाले, "मुकादम, इथं फक्त नोकऱ्या टाकतात."

"कावून? ऊसतोड नोकरी न्हाई तर मग काय हाय?"

सरांनी छताकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मग खुर्चीत बसत म्हणाले, "घे लिहून, सुनीता."

आणि पान बंद होता होता वाचलं.

सुनीता एकेक रकाना विचारत टाईप करू लागली.

"पद, कोयता. शिक्षण?"

"कायबी चालतंय."

"अनुभव?"

आम्ही सगळ्यांनी त्या फर्स्ट इयरवाल्याकडं बघितलं.

"जागा किती?"

"सांगितलं की. धा."

सुनीतानं दहा टाईप केलं. थांबली. ते खोडून पुन्हा काहीतरी टाईप केलं.

"मामा, साडेधा लिहिलंय."

"आन् अर्धा कुणाचा गं?"

"माझी जागा, मामा. आत्ताच रिकामी झाली."