खातरजमा बाकी

कामावर निघताना दिवाकर गर्गे रोज मनगटावरचं घड्याळ काढून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवत. दिवसभर नाशिक पालथं घालणाऱ्या माणसाने घड्याळ घरी ठेवावं, हे शेजाऱ्यांना चक्रमपणाचं वाटे. पण पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेत बत्तीस वर्षं काढलेल्या या सहायक फौजदाराचं अर्धं काम ‘किती वाजले हो?’ या प्रश्नावर चाले. वेळ सांगायला माणूस थांबतो. थांबला की बोलतो, आणि बोलता बोलता कुठे मोर्चा निघणार, कुठल्या कारखान्यात संपाची कुजबुज आहे, ते त्याच्या तोंडून निसटतं. दिवाकर ते टिपून ठेवत आणि दहाच्या बैठकीत सांगत. साहेब बदलत, पण पहिला प्रश्न तोच असे, “गर्गे, काय हवा?”

त्या प्रश्नासाठी दिवाकर उन्हातान्हात हिंडत.

मग शाखेत तेजश्री आली. सव्वीस वर्षांची, कॉम्प्युटर शिकलेली शिपाई. तिच्यासमोर दोन स्क्रीन मांडले गेले आणि घोटीपासून नांदगावपर्यंत कोण कुठल्या ग्रुपवर काय लिहितंय, ते तिला खुर्चीतून न उठता दिसू लागलं. इकडे रस्त्यावर वेळ विचारली, की लोक दिवाकरांच्या खिशाकडे बोट दाखवत, “बाबा, मोबाइल आहे की!” आणि एका सकाळी साहेब म्हणाले, “तेजश्री, काय हवा?”

शब्दसुद्धा तेच. निदान शब्द तरी वेगळे वापरायचे.

तेव्हापासून दिवाकर तांदळातले खडे वेचावेत तसे तिच्या चुका वेचू लागले. खडे फार सापडत नव्हते. तिच्या चपलांना कधी धूळ नसते, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. ती एकच्या ठोक्याला डबा खाते, हेही. सगळ्यात असह्य होता तो तिचा चांगुलपणा. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ती म्हणे, “काका, हे बघा ना, तुम्हाला काय वाटतं?” चष्मा खिशात असताना दिवाकर म्हणत, “चष्मा राहिला घरी.” वर्षअखेरीस ते निवृत्त होणार होते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, साहेबांनी बैठकीत तिला ओलांडून आपल्याकडे वळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एप्रिलमध्ये ती संधी आली. सोमवारी चांदवडच्या चौफुलीवर कांदा उत्पादक रस्ता अडवणार, असा मेसेज चाळीसेक ग्रुपमधून फिरू लागला. तेजश्रीने तो साहेबांना दाखवला. शुक्रवारी दिवाकर कोणाला न सांगता लासलगावला गेले. तिथे बाजार समितीत हमालांचा मुकादम कारभारी हा त्यांचा वीस वर्षांपासूनचा खबरी. लिलाव चालू असताना दोघे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर टेकले.

“सोमवारी? कोण येतंय, अण्णा!” कारभारी हसला. “सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येत्यात सोमवारी. काढणी सोडून कोण बसंल रस्त्यात? त्या पोरांना काय, मोबाइलवर अंगठा दाबला का झालं आंदोलन. ट्रॅक्टरला डिझेल लागतं.”

परतीच्या एसटीत दिवाकर शीळ घालत होते. ही बातमी त्याच दिवशी साहेबांना द्यायची, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण आधी सांगितली असती तर बंदोबस्त रद्द झाला असता आणि चूक कोणाचीच ठरली नसती. तेजश्रीची चूक सगळ्यांना दिसायला हवी होती.

शनिवारी तिचा दोनदा फोन आला.

“उचला की,” त्यांची बायको मालिनीबाई म्हणाल्या. “बिचारी पोरगी काहीतरी विचारत असेल.”

“बिचारी कसली? दोन-दोन मशिनं आहेत तिच्याकडे. त्यांना विचारू दे.”

“अहो, तुम्ही पाचवीतल्या मुलासारखे रुसताय!”

दिवाकरांनी फोन उशीखाली सारला.

सोमवारी दोनशे पोलीस चौफुलीवर उभे राहिले. एकही ट्रॅक्टर आला नाही. दुपारी सविता नावाची शिपाई उन्हाने कोसळली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती बरी आहे, हे शाखेत कळायला संध्याकाळ झाली.

दिवाकर आत आले तेव्हा तेजश्रीच्या स्क्रीनवर एक व्हिडिओ थांबवलेला होता. कोणीतरी शुक्रवारच्या लिलावाचा काढलेला. कोपऱ्यात मडगार्डवर दोन माणसं हसत बसली होती, आणि त्यातला एक ते स्वतः होते. इतक्यात साहेब आले. तेजश्रीने चटकन तो व्हिडिओ बंद केला.

साहेबांच्या हातात तिचा शनिवारचा अहवाल होता. शेवटची ओळ दिवाकरांना उलटी दिसत होती, तरी वाचता आली : श्री. गर्गे यांच्याकडून लासलगावला प्रत्यक्ष खातरजमा बाकी.

तिने त्यांच्यासाठी जागा सोडली होती. त्यांना त्याही क्षणी तिचा रागच आला.

“गर्गे,” साहेब तिला ओलांडून त्यांच्याकडे वळले, “लासलगावला काय हवा होती?”

‘आज सकाळीच समजलं’ हे वाक्य त्यांनी एसटीत घोटून ठेवलं होतं. तेजश्री खाली बघत होती. ती काहीच बोलणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. तिचे उपकार घेऊन उरलेले आठ महिने काढायचे?

“शुक्रवारीच कळलं होतं, साहेब,” दिवाकर म्हणाले. “मी सांगितलं नाही.”

महिनाअखेर त्यांची पासपोर्टच्या चौकशीच्या कामावर बदली झाली. शाखेतल्या शेवटच्या दुपारी त्यांनी वहीतून एक पान फाडलं, त्यावर कारभारीचं नाव आणि हमालांच्या शेडचा पत्ता लिहिला. पान पुढे केलं, पण बोटं लगेच सुटेनात. तेजश्रीने ओढलं नाही. ती हात पुढे करून उभी राहिली, आणि शेवटी पान तिच्या हातात गेलं.

“फोन करू नकोस त्याला. जाऊन भेट.”

“मी कोण म्हणून सांगू, काका?”

“माझ्या जागेवर आलेली म्हणून सांग.” दिवाकरांनी पिशवी खांद्याला लावली. दारात पोचल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. “आणि विंचूरच्या फाट्यावर भजी खाऊ नकोस. तेल जुनं असतं त्याचं.”