दोन पात्यांचा आस

मारुतराव इंगळ्यांना देवासात कोण ओळखत नव्हतं? त्यांना नसेल ओळखलं, पण त्यांच्या मोटरीला तरी ओळखलंच असेल. कुणा साहेबाला हवा खायला नेणारी ती जुनी गाडी. मारुतरावांनी तिचा मागचा भाग करवतीने कापला, त्यावर सागवानी हौदा चढवला आणि माल वाहू लागले. शेपूट छाटलेली म्हणून गावाने तिचं नाव ठेवलं बांडी. पणजोबा फौजेमागून गाड्यांची चाकं बांधत माळव्यात आलेले, वडील बग्गीखान्यात चाकांवर लोखंडी धावा चढवणारे. चाक हा आमच्या घरचा देव, असं मारुतराव छातीवर हात ठेवून सांगायचे. तो देव अधूनमधून रुसायचा, तेवढं मात्र सांगत नसत.

सन सव्वीस-सत्तावीसच्या त्या नागपंचमीला तो असाच रुसला. मारुतरावांची एकुलती एक लेक इंदू कन्नोदला दिलेली. तिला पाचवा महिना. पंचमीच्या सणाला माहेरी आणायला तिला बांडीत बसवून ते मोठ्या दिमाखाने निघाले आणि घाटाच्या मध्यावर बांडी जी थांबली ती थांबलीच. इंदू रस्त्याकडेच्या दगडावर ऊन डोक्यावर घेत बसून राहिली. शेवटी तिचा दीर तट्टू घेऊन आला आणि तिला सासरी परत घेऊन गेला. विहीणबाई यमुनाबाई काही कजाग नव्हत्या, पण त्यांनी निरोप धाडला, "माझ्या सुनेचं बाळंतपण घाटात व्हायचं नाही. गाडी चढत असेल तरच न्यायला या."

आता सातवा संपत आला होता. आठवा लागला की पोटुशीला प्रवासाला काढायची नाही, ही रीत. म्हणजे दसऱ्यानंतर हातात जेमतेम चार-पाच दिवस. तेवढ्यात इंदू आली तर आली, नाहीतर पहिलं बाळंतपण सासरी. आई नसलेल्या मुलीचं. इंदूची आई ती रांगत असतानाच गेली होती. तिला वाढवली मारुतरावांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी. अक्का विधवा होऊन भावाकडे आल्या तेव्हापासून त्यांचं सगळं जग त्या पोरीभोवती होतं. बाळंतिणीची खोली त्यांनी केव्हाच सारवून ठेवली होती.

उपाय अंगणातच पडला होता. महूच्या छावणीतल्या लिलावात मारुतरावांनी एका मोडक्या लष्करी गाडीचा मागचा आस उचलून आणला होता. मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा तो आस. त्याच्या मधोमध फुगीर पेटी, पेटीत दातेरी चाकं. इंजिनाकडून येणारा मधला दांडा ती चाकं फिरवतो. चाकाच्या एका फेऱ्याला मधला दांडा जितके जास्त फेरे घेईल, तितकी गाडी हळू, पण तितकीच दमदार. लष्करी आस दमदार असणार, असा मारुतरावांचा अंदाज. पण अंदाजावर लेकीला घाटात नेणार कसे? चुकीचा आस बसवला तर तो काढून दुसरं काही करायला दिवसच उरत नव्हते.

आणि नेमकी खंडेनवमी उजाडली. पाने, हातोडे, छिन्न्या, गाडी उचलायचा जॅक, सगळं पाटावर मांडून मारुतरावांनी पूजा केली. आता दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही. शेजारचे तुपाचे व्यापारी उमाशंकर दसऱ्याच्या पहाटेच कन्नोदला निघणार होते. यमुनाबाईंना हो की नाही, हा निरोप त्यांच्याबरोबरच जायला हवा होता.

"अक्का, एकच पाना उचलतो. पेटी उघडतो, दाते मोजतो, लगेच ठेवतो."

"देवापुढचं उचलणार? आणि त्याच आसावर माझ्या पोरीला बसवणार? हात लावून तर बघ."

मारुतरावांनी जरा वेळ मिशा चावल्या. मग म्हणाले, "बरं. दाते नाहीत तर नाहीत, फेरे मोजू. हातांची काही मी पूजा केलेली नाही."

तेवढ्यात काय निरोप द्यायचा ते विचारायला उमाशंकर आलेच. "काँ भिया, कन्नोद कईं केणो हे?"

"बतलाता हूँ भिया, पहले जरा बांडी को धक्का लगाव."

पूजेतलं कुंकू घेऊन मारुतरावांनी मागच्या चाकावर खाली एक बोट ओढलं, एक मधल्या दांड्यावर, आणि गाडीशेजारी गाल जमिनीला लावून आडवे झाले. उमाशंकर धापा टाकत ढकलू लागले. चाकावरचं बोट फिरून पुन्हा खाली आलं, तोवर दांड्याचे चार फेरे झाले. बांडीचे चार.

मग लष्करी आस, त्याच्या मधल्या दांड्याच्या तुकड्यासकट, दोन दगडांवर ठेवला. मारुतरावांनी त्याचं एक टोक फिरवलं, तर पलीकडचं टोक उलटं गरगरायला लागलं आणि मधला दांडा ढिम्म. "अक्का, तेवढं टोक धर गं." अक्कांनी धरून पाहिलं, निसटलं. तेव्हा पदर खोचून त्या सरळ त्या टोकावर बसल्याच. आता दांडा फिरला. टोकाच्या एका फेऱ्याला साडेतीन.

मारुतरावांनी पुन्हा मोजलं. साडेतीनच.

चार नाही की पाच नाही. हा तर बांडीच्या आसाहूनही लेचापेचा! मारुतराव उठले, हातावरची माती झटकत राहिले. "उमाशंकर भिया, यमुनाबाई को बोल देना, हम नहीं आ सकते." एवढं बोलून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. उमाशंकर मान हलवत बाजाराकडे निघाले.

अक्का मात्र अजून आसावरच. कुठे तरी काही तरी खटकत होतं. देवासात जन्म गेलेली बाई. एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. घराघरात वाटण्यांचीच बोलणी.

"मारुती, इकडे ये. मघाशी तिकडचं टोक उलटं का फिरत होतं रे?"

"ते तसंच असतं. दोन्ही चाकांना दांड्याचा वाटा मिळतो. वळणावर एक कमी घेतं, एक जास्त."

"म्हणजे आपल्या पात्यांसारखं. आणि एका पातीने वाटा घेतलाच नाही तर तो जातो कुठे?"

"दुसरीच्या घरात. जाणार कुठे?"

"मग मी इथे धाकटी पाती होऊन बसलेय ना! माझाही वाटा तुझ्याच टोकाला गेला. बांडीला ढकलली तेव्हा दोन्ही चाकं फिरत होती."

मारुतराव बोटांवर मोजू लागले. साडेतीन फेऱ्यांत दोघांचे वाटे मिळून एकच टोक पुरतं फिरलं. दोन्ही टोकं बरोबरीने फिरली असती, तर त्या साडेतीन फेऱ्यांत प्रत्येकाचा अर्धाच फेरा झाला असता. पुऱ्या फेऱ्याला दांड्याचे सात. सात! बांडीच्या जवळजवळ दुप्पट!

चाक ज्याच्या घरचा देव, तो माणूस अनवाणी रस्त्यावर धावत सुटला. "उमाशंकर भिया! रुको! हो बोलना, हो!"

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि उत्तरपूजा आटोपताच पाटावरून पहिला पाना उचलला गेला. पेटी उघडली. अक्कांनी दाते आपल्या डोळ्यांनी मोजले, मगच आस बसवू दिला.

नव्या आसावरची बांडी इतकी हळू निघाली की कन्नोदहून परतताना इंदूबरोबर धाडलेला दीर तट्टूवर जांभया देत होता. घाट लागला. पंचमीचं वळण जवळ आलं तसा इंदूने गुपचूप पदर सावरला आणि उतरायच्या तयारीने एक हात दाराला लावला. मारुतरावांनी ते पाहिलं.

बांडी गुरगुरत, पाय उचलत चढत राहिली. तो दगड आला, शेजारून सरकला, मागे पडला. इंदू मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली.

मारुतराव घाबरले. "काय झालं? पोटात दुखतंय का गं?"

"नाही आबा," दारावरचा हात काढून घेत ती म्हणाली. "मी घरी चाललेय."