कमलिनीताईच्या वाट्याचा टॅक्स

आमची कमलिनीताई गेली, पण तिची ही एक गोष्ट सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई.

ताई दोहाला, अल दुहैलच्या एका शाळेत स्वयंपाक करायची. पोरगी गार्गी तिथंच नोकरीला, दोघी ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात राहायच्या. नवरा हेमचंद्र, फौजेतला रिटायर सुभेदार, साताऱ्याला. घटस्फोट झाला तवा कोर्टानं त्याच्या पेन्शनीतला वाटा दर महिन्याला ताईला लावून दिला. पण गडी पुरता कधी धाडायचाच न्हाई. विचारलं की म्हणायचा, "पेन्शन माझ्या नावावर, टॅक्स मला बसतो. तो तुझ्यातनं कापला. मी देतोय ते गुमान घे."

"मी देतोय." हेच ताईला झोंबायचं. हक्काचं असून भीक घेतल्यागत.

शाळेतली मुनीरा म्हणायची, "छोडो दीदी, कतार में टॅक्स नहीं, खलास!" ताईलाबी कैक वर्सं तसंच वाटायचं. आखातात आलेली आपली माणसं हितंच फसतात.

मग शेजारच्या नीतावहिनींनी समजावलं. त्या ऑफिसात हिशोब बघतात. "पगार इथला, पण पेन्शन तिकडची, तिला तिकडचा कायदा. आणि कोर्टानं दिलेला वाटा ही तुमची कमाई. रिटर्न तुमच्या नावानं भरा."

"मग त्यानं कापायचं कशाला?"

"कोर्टानं कापायला सांगितलंय का?"

"न्हाई."

"मग झालं तर!"

ताईकडं पॅन कार्डच नव्हतं. काढायला गेली तर त्यावर नवऱ्याचं नव्हं, बापाचं नाव येतं म्हणाले. ताई हसली, "बरं झालं. आप्पांच्या घरी परत आले."

मग तिनं हेमचंद्रला फोन लावला. "सगळा वाटा धाड. माझा टॅक्स मी भरणार."

"आपणहून टॅक्स मागणारी येडी पहिलीच बघतोय!"

"व्हय, येडी. पण भिकारीण न्हाई. न्हाई धाडलास तर कोर्टात भेटू, सुभेदारसाहेब."

लई कुरकुरला. वकिलाचा फोन गेला तवा कुठं पुरा वाटा यायला लागला. दरसाली रिटर्न भरला की ताई शिरा करायची, सगळ्या बिल्डिंगीला वाटायची.

ताई गेली त्या दिशी त्याचा फोन आला. रडत होता, खोटं कशाला बोला. मग म्हणाला, "शेवटपर्यंत पोसलं मी तिला."

गार्गीनं डोळं पुसलं. "नो, पप्पा. शी पेड टॅक्स ऑन इट."

मग एरवी इंग्रजीतच बोलणारी पोरगी, मराठीत म्हणाली, "तिचं होतं ते."