आधी ऐकायचं, मग खीर

२०२४ साल. माझं अठ्ठ्याहत्तरावं सरत आलेलं, आणि माझी पोरगी सुजाता सत्तेचाळीसची. धान कापणीला आला होता. संध्याकाळची वेळ, मी केशोरीला घरच्या आंगणात चुलीवर दूध ठेवून बसलो होतो. सकाळी भाच्यानं तिला गाडीत घालून गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा ती म्हणाली होती, "संध्याकाळी येतेच बाबा." म्हणून खिरीचं दूध. फोन भाच्याचा आला. "मामा..." इतकंच म्हणाला, पुढे त्याच्याच्यानं बोलणं झालं नाही. मी दूध उतरवलं. उतू जाऊ दिलं नाही. पोरगी गेली हे कळलेलं, आणि हात मात्र दुधाला जपून राहिले होते... असं काऊन झालं, ते मला आजही सांगता येत नाही.

पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, तिच्याबद्दल एखाद्या शिकलेल्या माणसाकडून लिहून घ्या. मी चौथी शिकलेला. म्हटलं, पोरगी माझी आहे, लिहीन तर मीच. शुद्धलेखन तुमचं तुम्ही पाहा, पण वाक्याला हात लावू नका.

सुजाता हे नाव मी ठेवलं. बुद्धाची उपासानं हाडं निघाली होती, तेव्हा ज्या बाईनं त्याला खीर दिली तिचं हे नाव. माझ्या बापानं धम्म घेतला तेव्हा मी लहान होतो. त्या दिवसापासून आमच्या घरचे उपास बंद झाले. माझी आई आधी सोमवार धरायची, शनिवार धरायची, आणि उरलेल्या दिवशी भात पुरायचा नाही म्हणून तशीच निजायची. बाप म्हणाला, आता या घरात देवाच्या नावानं कोणी उपाशी राहणार नाही. मी ते आयुष्यभर पाळलं. माझ्या दारातून कोणी न जेवता गेला नाही, जावयाचे चुलते भांडायला आले होते तेसुद्धा जेवूनच भांडले.

तर अशा घरात पोरगी एक दिवस म्हणते, "बाबा, मी झुडपीत राहाले जाऊन राहिली. एकटी. तीन-चार दिवस काही खानार नाही, पानी फकत."

मी म्हटलं, "काऊन? घरातला तांदूळ सरला का?"

हसली. त्या साली ती नवऱ्याचं घर सोडून आली होती. गोंदियाच्या शाळेत शिकवायची, सुटीत केशोरीला यायची. गावातल्या बाया विचारायच्या, "सुजाताबाई, पाव्हनी किती दिवस?" ती घागर घेऊन पुढे व्हायची. मी मात्र विचारलं नव्हतं. तिची आई असती तर विचारलं असतं. आमच्या शेताला लागून झुडपी जंगल आहे, तिथेच तिला बसायचं होतं. कुठल्या दूरच्या डोंगरात जाऊन हे शिकून आली होती, तिकडे पुष्कळ लोक करतात म्हणे.

"आपल्या धर्माचं नाही हे," मी चिडून बोललो. "बुद्धानं बी उपास करून पाह्यला नि सोडून देल्ला. तू कोन लागून गेली?"

"हे धर्माचं नाहीच बाबा. लग्नाले मांडव पडते. मेल्यावर बी चार मानसं येतात. मी नवरा सोडून आली, त्याले काहीच नाही. ना मांडव, ना मानसं. मी आधी कोनाची तरी बायको होती, आता नाही, हे मलेच अजून समजलं नाही. ते समजून घ्याले जाऊन राहिली."

मी तंबाखू मळत बसलो.

एक काम तिनं मला लावलं. रोज सकाळी ती येऊन मोहाच्या झाडाखाली एक दगड ठेवणार आणि परत जाणार. नंतर मी जायचं, दगड पाहायचा, बाजूला आपला ठेवायचा. भेटायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. दगड दिसला म्हणजे पोरगी जिवंत. नाही दिसला तर शोधायला निघायचं. मी म्हटलं, हे काय पोरखेळ. पण रोज सूर्य वर यायच्या आत मोहाखाली हजर. तिचा दगड दिसला का जीव खाली बसायचा.

ती परत आली तेव्हा ओठ सुकलेले, चेहरा मात्र धुतल्यासारखा. नव्या तांदळाची खीर घेऊन मी बांधावर उभाच होतो. "बाबा, आधी आयका, मले सांगाचं आहे," म्हणाली. मी म्हटलं, "आधी खा." वाटी तोंडाला लावली. खाल्ली तिनं, माझ्यासाठी. मग मी धान पाहायला निघून गेलो.

पुढे दर हिवाळ्यात ती अशाच उपासाला लोक आणू लागली. जंगलवाल्यांची परवानगी काढायची, पाण्याच्या कॅन, शिट्ट्या, सगळं जागच्या जागी. नागपूरचा एक जण, बायको वारलेली. एक नर्सबाई. एक रिटायर झालेला साहेब, ज्याला सकाळी उठून कुठे जावं ते समजेना. परत आल्यावर सगळे मोहाखाली गोल बसायचे. एकानं आपलं सांगायचं, दुसऱ्यानं तेच, ऐकलं तसं, परत सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, पदरचं घालायचं नाही. मी खिरीनं भरलेली पितळेची गंजी घेऊन बाजूला उभा. "आधी खा जी, बोलनं कुठं पळून जाते?" साहेब लोक हसायचे. सुजाता म्हणायची, "बाबा, बसा ना तुमी." मी म्हणायचो, "मले काम आहे."

"उपास पोटात काही गेल्यानं सुटत नाही बाबा. कोनी आयकलं का सुटते."

"मंग माझ्या खिरीचं काय?"

"खीर त्याच्या मंगची."

हा वाद आमचा बरीच वर्षं चालला. दोघंही मागे सरलो नाही. ती माझीच पोरगी.

मग तिला पोटाचा रोग निघाला. नागपूरला नेलं, औषधं झाली, केस गेले, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले घरी न्या. अन्न पोटात ठरेना. मी रोज खीर करायचो, पातळ करायचो, गाळून द्यायचो. एक चमचा घ्यायची आणि मान फिरवायची. एकदा मी ओरडलो. "काऊन नाही खात? जिद्द करून राहिली का?"

"हा उपास मी नाही धरला बाबा," म्हणाली.

त्यानंतर मी वाटी पुढे करायचो, पण बोलायचो नाही.

सलाईन लावायला दवाखान्यात नेलं त्या दिवशीची सकाळ. गाडी यायला वेळ होता. मी वाटी घेऊन गेलो. "बाबा, वाटी खाली ठेवा. आज तरी बसा." मी बसलो. आणि ती पहिल्या उपासाचं बोलू लागली. थांबत थांबत, दम घेत. म्हणाली, पहिल्या सकाळी दगड ठेवला, पण परत गेली नाही, नियम मोडला. पळसाच्या मागे लपून बसली. तुम्ही येता का नाही, ते पाहायचं होतं. तुम्ही आले. एक दगड ठेवला, मनास आला नाही, उचलून फेकला, मोठा शोधून आणला. मग चारही बाजूला पाहिलं, आणि कोणी नसलेल्या जंगलाला जोरानं म्हणाले, "पानी पेत जाजो वं!"

"मी तोंडावर हात धरून हासली बाबा. मंग लय रडली. मले वाटलं, मी कोनाची बायको नाही तरी चालते. मोहाखाली माह्या नावाचा दगड ठेवनारा कोनी आहे. बाकीचे दिवस मी उपाशी नव्हतीच."

मला कोणी ऐकलं असेल, हे मला माहीतच नव्हतं.

"आता तुमी सांगा," ती म्हणाली, "मी काय बोलली ते. पदरचं घालू नका."

मी वाटी उचलली, परत खाली ठेवली. "उद्या सकाळी सांगतो," म्हटलं. तिनं मान हलवली. गाडी आली...

ते दगड अजून मोहाखाली आहेत. कोणी बांधाला नेऊ नये म्हणून मी शेजाऱ्यांना बजावून ठेवलं आहे.

त्या रात्री तिला घरी आणलं. उजाडलं तेव्हा आंगणात बाया जमू लागल्या होत्या. मी सगळ्यांना म्हटलं, जरा बाहेर व्हा. दार लावलं. तिच्या उशाशी बसलो आणि सांगितलं, तिनं सांगितलं तसं, पहिल्यापासून. पळस, फेकलेला दगड, मोठा दगड. "पानी पेत जाजो वं" इथे अडलो, पण सोडलं नाही, म्हटलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही. मग उठलो. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, बहीण आडवी आली, "दादा, लोक का म्हनतीन?" मी पेटवली. आदल्या दिवशीचं दूध होतंच. खीर केली, आणि पहिली वाटी तिच्याजवळ नेऊन ठेवली.