रीनाचं प्रेशर

आमची रीना म्हणजे माझ्या बहिणीची पोट्टी. रायपुरात गुढियारीच्या घरात भरलेलं सिलेंडर एकटीच माडीवर न्यायची, अन् वर गेल्यावर रडायची. दुखलं म्हणून नाही, उगाच! दहावी पास झाली तरी रडली, रेल्वेत नोकरी लागली तरी रडली. मी म्हणते, रडू दे न बाप्पा. हसतील त्यांचे दात दिसतील.

पण तिचे वेटलिफ्टिंगचे कोच नरहर सर पडले शहाणे. त्यांचं एकच पालुपद, प्रेशरमध्ये पोट्टे खुलतात अन् पोट्ट्या रडतात. यंदा नॅशनल रायपुरातच होती, अन् तिथूनच भारताच्या कॅम्पसाठी निवड होणार होती. याआधी दोनदा रीनाची निवड थोडक्यात हुकलेली. सरांनी तिले बजावलं, डोळ्यात एक थेंब दिसला तर खबरदार. मले असा राग आला! रडणं का फाऊल आहे?

सकाळी तिचा मोठा भाऊ संघर्ष उतरला. तोही सरांचाच चेला. याले टाळी दे, त्याले डोळा मार, सारखा हसून राहिला. सर खुश. पण हातांना लावलेली पावडर पुसून पुन्हा पुन्हा लावून राहिला, मले वर गॅलरीतून दिसलं. तिन्ही वेळा वजन खाली पडलं. पोट्टा हसतच बाहेर गेला.

दुपारी रीना आली ती दगडासारखं तोंड करून. थेंबाची काय बिशाद! पहिल्या वेळी वजन पडलं, दुसऱ्या वेळीही पडलं. आता एकच संधी उरली, अन् तिच्याआधी दोन पोट्ट्यांची पाळी होती. सर कठड्यापाशी धावत आले अन् मले म्हणाले, "मौसी, रीना को बहुत प्रेशर आ रहा है, ज़रा देखो उसको."

आता तुम्हीच सांगा, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रेशर आलं म्हणजे काय असते? माणूस टमरेल घेऊन पळते, दुसरं काय! म्हटलं, हात्तिच्या, लाजेनं सांगत नसेल पोट्टी. गेटवरच्या भैयाले बाजूले सारलं, रीनाचा दंड धरला अन् नेऊन संडासात घातली. जा म्हटलं, मोकळी हो.

आतून जो हंबरडा ऐकू आला! मी घाबरले. मग कळलं, रडून राहिली. मनासारखी रडली, नाक शिंकरलं, तोंड धुतलं अन् दार उघडून म्हणाली, "हव मावशी, झालं." डोळे लाल होते, पण खांदे सैल पडले होते.

अन् उचललं न पोट्टीनं! पंचांचे तिन्ही दिवे पांढरे लागले, म्हणजे पास. मी इतकी नाचले की माझी चप्पल खालच्या रांगेत गेली. कॅम्पात नाव लागलं. सर म्हणाले, पोरगी प्रेशर झेलायला शिकली. मी म्हटलं, झेललं नाही सर, काढून टाकलं.

बाहेर गाड्यांपाशी रीना पुन्हा रडून राहिली, आता आनंदानं. संघर्ष टाळी द्यायले आला. हात अर्ध्यातच राहिला, हसू गेलं, अन् हळूच मले म्हणाला, "मावशी, सुबह मुझे भी रोना था."

रीनानं त्याची मान आपल्या खांद्यावर ओढली.

"मग आत्ता रड न दादा."

अन् रडला माझा पोट्टा, भर पार्किंगमध्ये, नरहर सरांच्या समोर.