बाबांचे खड्डे

आमच्या गावापासून धसईपर्यंतच्या रस्त्यावर खड्डे किती, हे सरकारला माहीत नव्हतं, ठेकेदाराला माहीत नव्हतं, पण माझ्या बाबांना तोंडपाठ होतं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. बाबांना खड्ड्यांशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर खड्डेही दिसत नव्हते, ते कमरेला कळायचे.

बाबा तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. एकदाही कुणाला खरचटलं नाही, हे ते पाहुण्यांना पाणी यायच्या आधी सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी स्कूटर घेतली. रोज सकाळी धसईला जायचं, चहा प्यायचा, पेपर विकत घ्यायचा आणि शेजारच्या बाकड्यावरच्या माणसापुढे धरायचा. "काय छापलंय बघा, काय म्हणावं या लोकांना!" समोरचा बिचारा मोठ्याने वाचायचा. वर्षभर धसईत कुणाला शंका आली नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "पिकू दे रे आधी. कच्चा काढून काय लोणचं घालायचंय?"

त्यांना समोरचं काहीच दिसत नाही, हे मला कळलं ते एकदा त्यांच्या मागे बसलो तेव्हा. चालवता चालवता पुटपुटत होते. "हा मोरीचा. हा तलाठ्याचा." त्या खड्ड्यात कधीकाळी एक तलाठी पडला होता, तेव्हापासून तो त्याच्या नावावर. "आता दोन बारके, एक मोठा, की डावीकडं." दोन दणके, एक मोठा दणका, आणि स्कूटर झोकात डावीकडे वळली.

"बाबा, समोर म्हैस आहे."

"कुठं?"

"समोर! रस्त्यात!"

"होईल बाजूला. तिला दिसतंय ना?"

म्हैस झाली बाजूला. ती बाबांपेक्षा शहाणी होती. आणि माझ्यापेक्षाही.

घरी आल्यावर मी विषय काढला, तर आमच्यावरच तोफ. "विमानवाला ढगात काय बघतो रे? डोंबल बघतो! काटे बघतो नि चालवतो. मागं तीनशे माणसं घोरत असतात. त्याला काटे, मला खड्डे."

"बाबा, ढगात म्हैस नसते."

यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताटावर बसायचे, पण भाजी हवी असली तर सूनबाईला सांगायचे, "त्याला सांग, भाजी इकडं सरकव." मी शेजारीच बसलेलो असायचो.

तेवढ्यात लायसनची मुदत संपली. मुरबाडला माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, पेन्शन, लायसन, सगळं. तालुक्यातल्या लोकांना मी ठणकावून सांगतो, खरं तेच लिहा, खाली सही तुमची असते. आता बाबांचाच फॉर्म समोर आला. त्यात प्रश्न होता, दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का. मी म्हटलं, आपण प्रामाणिक माणूस, परीक्षा घेऊ. बाबांना रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं.

दुधवाला आला. बाबांनी नंबर सांगितला. बरोबर. भाजीची पिकअप आली. बरोबर. सरपंचाची बुलेट अजून दिसायची होती तेवढ्यात बाबांनी तिचा नंबर सांगून टाकला. गावातलं प्रत्येक इंजिन ते खोकल्यावरून ओळखत होते. मग एक परकी गाडी आली. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "नवी दिसतेय. नंबर पडला नाय अजून." गाडी दहा वर्षांची होती आणि नंबर ताटाएवढा.

मी फॉर्मवर 'हो' केलं. डॉक्टरांचा कागद लागतो, तो ओळखीतून आला, कसा ते इथे सांगत नाही. 'नाही' केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. मला भांडण नको होतं, एवढंच. याला भित्रेपणा म्हणतात, पण त्या दिवशी मी त्याला बापाचा मान राखणं म्हणालो.

बायको गप्प बसणारी नाही. "अहो, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय, तुमी तर डोळ्यांवर कातडं ओढलंय. उद्या कुणाचं पोर गाडीखाली आलं म्हणजे?"

मी म्हणालो, "बघू."

बघायचं म्हणजे काय, तर मी रोज सकाळी मागे बसायला लागलो. डाव्या खांद्यावर टिचकी, की डावीकडे. उजव्या खांद्यावर टिचकी, की उजवीकडे. पाठीत गुद्दा म्हणजे ब्रेक. बाबा खुणेबरोबर वळायचे, पण म्हणायचे, पोरगा लाडात आलाय. गावात तर माझं नाव झालं. "असा मुलगा पाहिजे! या वयात बापाला घट्ट धरून असतो." घट्ट धरायचो ते मरणाच्या भीतीने. दुकान लवकर उघडायचं असलं की मात्र बाबा एकटे जायचे, आणि संध्याकाळी घराच्या पायरीशी स्कूटर दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला. हे असं दोन वर्षं चाललं.

मग रस्ता झाला. इतकी वर्षं अर्ज केले, घेराव घातला, खड्ड्यांत भात लावलं, आणि शेवटी एकदाचा सिमेंटचा रस्ता आला. नारळ फुटला, पेढे वाटले. पोरं चप्पल काढून त्यावर चालून बघत होती. बाबा एकटेच तोंड पाडून बसले होते. म्हणाले, "वाट लावली रस्त्याची." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. ज्याच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडायला हवा होता, तो मी एक, आणि मी पेढा खात होतो.

आठवडाभरानंतरची गोष्ट. त्या दिवशी बाबा एकटेच धसईला गेले होते. माझी मोटारसायकल मुरबाडला गॅरेजला होती, म्हणून दुपारी जीपने आलो आणि गावाच्या फाट्यावर उतरलो. पाहतो तर फाट्याच्या पुढे, अंगणवाडीच्या वळणापाशी, रस्त्याच्या मधोमध स्कूटर बंद करून बाबा उभे. धसईहून निघाले ते गाव सोडून पुढे आले होते. अंगणवाडी सुटायची वेळ झाली होती.

मी धावत गेलो. स्कूटरच्या एका आरशाला कुणाचा तरी परकर अडकला होता. दुसऱ्या आरशाला बाळाचं दुपटं. ओलं. म्हणजे बाबा कुणाच्या तरी अंगणातून, वाळत घातलेली दोरी तोडून आले होते. मी आधी दुपट्यावर रक्त आहे का ते पाहिलं. नव्हतं.

पावलं ऐकून बाबा वळले आणि आमच्या गावाचं नाव घेऊन मलाच म्हणाले, "ओ दादा, गाव मागं राहिलं का यायचं हाय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"रस्ता असा केलाय मेल्यांनी, काय ठावच लागत नाय. नि लोक पण माजलेत. वाटेत कुणीतरी तोंडावर ओलं फडकं मारलं." मी गप्पच. मग त्यांना वाटलं असावं, हा माणूस संशयाने बघतोय. आवाज जरा चढला. "असं काय बघता? माझे डोळे चांगले हायेत. माझा पोरगा मुरबाडला सगळ्यांचे फॉर्म भरतो, शिकलेला हाय. मला दिसत नसतं, तर त्यानं मला गाडी चालवू दिली असती का?"

मला रडू आलं. भर रस्त्यात, दुपारी.

"बाबा," मी म्हणालो.

ते दचकले. "तू?"

"मी. बाबा, तुम्हाला दिसत नाही. मला माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे."

मला वाटलं आता ओरडतील. नाही ओरडले. हात पुढे करून त्यांनी आरसा चाचपला, दुपटं हाताला लागलं. बोटांनी त्याची शिवण, कोपरा, टोक पाहिलं, आणि काय आहे ते त्यांना कळलं. चेहरा पांढरा पडला.

"पोराला लागलं का रे?"

"माहीत नाही. दोरीवरचं असेल नुसतं. मला माहीत नाही."

बाबांनी स्कूटरची चावी काढली आणि माझ्या दिशेने धरली. मी उभा होतो तिथून हातभर बाजूला. मी सरकून ती घेतली.

"दोन वर्षं तुला माहीत व्हतं," ते म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं गाडी तूच चालवत व्हतास रे. चल आता. त्या घरी काय सांगायचं ते तूच सांग."